दळणातला ळ

उत्तरेश्वर पेठेत आमची गिरणी.
सकाळी जोंधळा, दुपारी गहू,
आणि मार्च-एप्रिलात डंकावर मिरची.
अख्खी गल्ली शिंकायची,
समोरचा सायकलवाला तोंडाला पंचा बांधून पंक्चर काढायचा.

त्या उन्हाळ्यात बाबांनी नवा बोर्ड करायला घेतला.
गंगावेशीतून दस्तगीर पेंटर आले,
हँडलला रंगाचे डबे टांगून.
एका कानावर खडू, दुसऱ्यावर विडी.
विडी ओढायचे नाहीत, नुसती ठेवायचे.

पत्रा पिवळा.
गेरूत भिजवलेली सुतळी दोन खिळ्यांत ताणली,
मधोमध चिमटीत उचलली, सोडली.
टण्ण.
रेघ उमटली, कुणी न ओढता.
मी आठ वर्षांची, गव्हाच्या डब्यावर बसलेली.
मला जादू वाटली, पण जादू नव्हती,
त्यांच्या बोटांना गेरू लागला होता.

लिहायचं होतं: येथे दळण दळून मिळेल.
ते काढताना बोलत नसत.
श्वास धरून एक वळण,
आणि वळण संपलं की नाकातून लांब सुटलेला श्वास.
मीही धरायला लागले.
माझा त्यांच्याआधी सुटायचा.

"काय बघालीस गं?"
मी म्हटलं, ह्या ळची तळी फिरत्यात.
खरंच तसं दिसत होतं मला,
दोन दगड शेजारी शेजारी
वरच्या रेघेला टांगलेले,
आता पीठ पडेल खाली, दळूनच्या ऊकारावर.
ते थांबले. पायरी उतरून मागं सरकले. बघत राहिले.
"चाळीस वर्सं काढतोय.
दगुड दिसला नव्हता."

आणि ब्रश माझ्या हातात दिला.
शेवटचा ळ राहिला होता, मिळेलमधला.
"दम धर. मधी थांबू नगंस.
चुकलं तर चुकलं, फुडं जायाचं."

धरला दम.
आत डंक चालू होता, जमीन हादरत होती,
तो हादरा माझ्या मनगटातून अक्षरात उतरला.
डावं पोट भरलेलं, उजवं उपाशी.
ओल्या रंगावर पीठ येऊन बसलं.

बाबा बाहेर आले.
"पुसा ते. गिऱ्हाईक हसंल."
"ऱ्हाऊ दे मालक."
"मग वीस रुपये कापणार."
"कापा की."
आणि कानावरची विडी काढून त्यांनी पेटवली.
त्याआधी किंवा नंतर
मी त्यांना ओढताना पाहिलेलं नाही.

आता मी अक्षरं काढते, पोटासाठी.
मोबाइलसाठी, एका बँकेसाठी, एकदा तर तिकिटांच्या मशीनसाठी.
स्क्रीनवर अक्षराला ठिपके असतात,
ठिपका ओढला की वळण बदलतं,
श्वास धरावा लागत नाही.
मी धरते.
बेंगळुरूहून कुणी विचारतं,
मॅडम, ळची डावी बाजू जरा जड नाही का?
कधी मी भांडते.
कधी हलकी करून टाकते, बिल अडकलेलं असतं,
आणि रात्री परत जड करते, माझ्यापुरती, वेगळ्या फाइलीत.
त्या फाइलीत एकशे बारा ळ झालेत.
त्यांत तो नाही.

गिरणीवर हल्ली फ्लेक्स आहे, भावानं लावलेला.
त्यावर गव्हाच्या लोंब्या, कुठल्या मुलखातल्या कोण जाणे.
पत्रा मिरचीच्या पिंपावर झाकण म्हणून पडलाय,
गंजून गंजून
"ळून मिळे" एवढाच उरलेला.
दिवाळीला गेले की मी तो उचलते.
ठसका लागतो, डोळे वाहतात,
आतून भाऊ ओरडतो, "ठेव की खाली, मिरची सादळंल!"
मी मनगटानं नाक पुसते
आणि त्या वीस रुपयांचा हिशेब करायला बसते.
अजून लागलेला नाही.